पेटीवरचा काफी, गिटारवरचा डोरियन

गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्याला मेजर स्केल फारसं छळत नाही. सा रे ग म प ध नि सा, सगळे शुद्ध, विषय संपला. गाडी अडते ती पुढच्या धड्यात, 'मोड' आले की. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन अशी सात अगम्य नावं समोर येतात आणि सोबत एका ओळीची सूचना: सी मेजर स्केल सी-ऐवजी डी-पासून वाजवा, झालं डोरियन. बिचारा शिकणारा इमानेइतबारे डी-पासून डी-पर्यंत वाजवतो आणि कानाला ऐकू येतं ते मूळचं सी मेजरच, फक्त भलत्या जागी सुरू झालेलं. मग यात वेगळं काय, असा प्रश्न त्याला पडतो, आणि तो रास्त आहे.

सूचना खोटी नसते, पण अर्धीच असते. उरलेला अर्धा भाग तानपुऱ्याच्या सोबतीने गाणं ऐकलेल्या माणसाला बहुधा सांगावाच लागत नाही. म्हणून मराठी वाचकाने मोड समजून घ्यायला पेटीपाशी बसणं सगळ्यात सोयीचं.

पेटीवर पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी. तिथे सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की मेजर स्केल मिळतं, म्हणजे आपला बिलावल थाट (थाट म्हणजे रागांची वर्गवारी करायला वापरतात तो सात स्वरांचा साचा). पांढऱ्या पट्ट्या दिसायला एकसारख्या अंतरावर असल्या तरी स्वर तसे नसतात. सा आणि रे यांच्यामध्ये एक काळी आहे, रे आणि ग यांच्यामध्येही आहे, ग आणि म यांच्यामध्ये मात्र नाही. काळी-पांढरी न बघता लगेचच्या पट्टीवर जाण्याला आपण एक पायरी म्हणू (पाश्चात्त्य संगीतात तिला सेमिटोन म्हणतात). तर बिलावलच्या पायऱ्या होतात २, २, १, २, २, २, १. बेरीज बारा, आणि आपण तार षड्जावर. मेजर स्केलचं सगळं भांडवल एवढंच आहे. हाच क्रम काळी चारपासून मोजा, काळी चारचा बिलावल मिळेल. पाश्चात्त्य पद्धतीने त्याचं नाव ए फ्लॅट मेजर.

आता पट्ट्या त्याच ठेवायच्या आणि सा हलवायचा. पांढरी दोनला सा माना. नुसतं मनात मानून भागत नाही. कुणाला तरी पांढरी दोन आणि तिचा पंचम, म्हणजे पांढरी सहा, सतत दाबून धरायला सांगा, किंवा फोनवरचा तानपुरा डी-मध्ये लावा. मग त्यावर पांढऱ्याच पट्ट्या फिरा, थांबायचं मात्र पांढरी दोनवर. अंतरं मोजली तर २, १, २, २, २, १, २ अशी येतात. मघाशी मध्यम असलेली पांढरी चार आता षड्जापासून तीनच पायऱ्यांवर आहे, म्हणजे तो कोमल, एक पायरी उतरलेला गंधार झाला. पांढरी एक, जी मघाशी खुद्द षड्ज होती, ती कोमल निषाद झाली. बाकीचे स्वर शुद्ध. कोमल ग, कोमल नि, उरलेले शुद्ध: हा काफी थाट. पाश्चात्त्य लोक याला डोरियन म्हणतात.

शिकणाऱ्याच्या कानाला फरक कळला नव्हता तो मागे सूर धरलेला नव्हता म्हणून. आधार नसला की कान आपण होऊन पांढरी एककडे परततो, कारण त्या पट्ट्यांवर आजवर ऐकलेली बहुतेक गाणी तिथेच विसावलेली असतात. मोड ठरतो तो आपण कुठे येऊन थांबतो यावरून. सुरुवात कुठून केली याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. यमनचंच बघा. गायक पहिली स्वरसंगती घेतो ती बहुधा मंद्र निषादापासून, नि रे ग. म्हणून कुणी निषादाला षड्ज म्हणत नाही. तानपुरा मागे सांगत असतो की घर कुठे आहे.

एकदा ही गोष्ट कानात बसली की बाकीचे मोड भराभर उलगडतात. पांढरी तीनवर सा धरला तर रे, ग, ध, नि चारही कोमल येतात: भैरवी, म्हणजे फ्रिजियन. पांढरी चारवर मध्यम तीव्र होतो, म्हणजे एक पायरी चढतो, आणि बाकी सगळे शुद्ध राहतात: कल्याण थाट, लिडियन. पांढरी पाचवर फक्त निषाद कोमल: खमाज, मिक्सोलिडियन. पांढरी सहावर ग, ध, नि कोमल: आसावरी थाट, एओलियन, म्हणजेच गिटारवाले ज्याला नॅचरल मायनर म्हणतात ते. (आसावरी राग बरेच गायक कोमल ऋषभाने गातात. इथे बोलतोय ते थाटाबद्दल, आणि त्यात ऋषभ शुद्ध आहे.) पांढरी एकवरचा बिलावल म्हणजे आयोनियन हे वेगळं सांगायला नको.

राहिली पांढरी सात, म्हणजे लोक्रियन. इथे रे, ग, ध, नि कोमल येतात, पण खरी अडचण पंचमाची होते. षड्जापासून सात पायऱ्यांवर शुद्ध पंचम असायला हवा, आणि त्या जागी पांढरी पट्टीच नाही. जवळची आहे ती पांढरी चार, सहा पायऱ्यांवर. ती तर तीव्र मध्यमाची जागा. थोडक्यात, या मोडला पंचम नाही. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावली की या मोडशी तिचं भांडण सुरू. पाश्चात्त्य संगीतातही हा मोड नावापुरताच राहिला, कारण तिथल्या कॉर्डलाही, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरांच्या गटालाही, पंचमाचा टेकू लागतो. आपल्याकडे त्याला थाटाचं नावच मिळालं नाही.

इथपर्यंत जी पद्धत वापरली तिला आपल्या परंपरेत जुनं नाव आहे: मूर्च्छना. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम आणि मध्यमग्राम असे दोन ग्राम, म्हणजे मूळ स्वरसप्तकं, आणि प्रत्येकाच्या सात अशा एकूण चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत. स्वर तेच, आरंभाचा स्वर वेगळा. कर्नाटक संगीतात याच खेळाला ग्रहभेदम म्हणतात आणि मैफलीत तो मुद्दाम करून दाखवला जातो.

पण माझं मत विचाराल तर मोड समजून घ्यायची ही पद्धत पहिल्या दिवसापुरती ठीक आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाची पद्धत याच्या उलट आहे: सा एकाच जागी ठेवायचा आणि स्वर बदलायचे. मोडचा रंग तेव्हाच दिसतो. पांढरी एकवर सा कायम ठेवा आणि कल्याणपासून निघा. मध्यम तीव्र आहे, तो एक पायरी उतरवून शुद्ध केला की बिलावल. त्यातला निषाद उतरवला की खमाज. मग गंधार उतरवा, काफी. मग धैवत, आसावरी. मग ऋषभ, भैरवी. प्रत्येक वेळी एकच स्वर एक पायरी खाली येतो आणि रंग थोडा गडद होतो. कल्याण सगळ्यात उजळ, भैरवी सगळ्यात सावळी, मधले चार त्यांच्या दरम्यान ओळीने उभे.

स्वर उतरण्याचा क्रमही मनमानी नाही. म, नि, ग, ध, रे: यातला प्रत्येक जण आपल्या आधी उतरलेल्याचा मध्यम आहे. शुद्ध मध्यमाला सा मानलं तर त्याचा मध्यम कोमल निषाद येतो, त्याचा मध्यम कोमल गंधार, आणि असंच पुढे. कोमल ऋषभानंतर पाळी येते पंचमाची. तो उतरला की आपण लोक्रियनमध्ये. आणि आता गंमत: याच्याही पुढे जाऊन खुद्द षड्ज एक पायरी उतरवला तर काय होईल? सातही स्वर एकेक पायरी उतरलेले असतील, म्हणजे पहिलाच कल्याण पुन्हा मिळेल, फक्त पांढरी एकऐवजी खालच्या पांढरी सातचा. हे पेटीवर एकदा करून बघावं. वाचून ते अर्धंच कळतं.

दोन्ही पद्धती एकत्र वापरायची वेळ येते ती गिटारवाला आणि पेटीवाला एका मंचावर असतात तेव्हा. समजा गायक काळी एकमध्ये भैरवी म्हणणार आहे आणि गिटारवाला विचारतो, "की कुठली?" भैरवीचा सा म्हणजे कुठल्यातरी बिलावलचा गंधार. गंधार षड्जापासून चार पायऱ्यांवर असतो, म्हणून काळी एकपासून चार पायऱ्या खाली उतरा. आपण पांढरी सहावर येतो, म्हणजे ए. तेव्हा उत्तर असं: स्वर ए मेजरचे घे, पण मुक्काम सी शार्पवर कर. हे दुसरं वाक्य विसरलं की तो दर दोन ओळींनी ए मेजरचा कॉर्ड मारून मोकळा होतो आणि भैरवीचा बिलावल करून टाकतो.

बाकीच्यांचा हिशोबही असाच. काफीचा सा असेल तिथून दोन पायऱ्या खाली त्याचा बिलावल. काळी चारचा काफी असेल तर काळी तीनचे, म्हणजे एफ शार्प मेजरचे स्वर. कल्याणला पाच पायऱ्या खाली, खमाजला पाच पायऱ्या वर, आसावरीला तीन वर. शेवटचं सूत्र गिटार शिकणाऱ्यांना वेगळ्या नावाने पाठ असतं: ए मायनरचं नातलग मेजर सी.

हे सगळं बिलावलला मूळ धरून सांगितलं, कारण आजची पुस्तकं तसंच सांगतात. इतिहासात मात्र मेजर स्केल या घराण्यात उशिरा आलेलं आहे. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चसंगीतात आठ मोड मानत. ते डी, ई, एफ आणि जी या चार विसाव्याच्या स्वरांवर उभे होते, प्रत्येक स्वरावर दोन, आणि त्या दोघांत फरक होता तो मुख्यतः स्वरविस्ताराचा. सी-वर विसावणारा आणि ए-वर विसावणारा मोड त्या यादीत नव्हताच. हाइनरिख ग्लारेआन या स्विस विद्वानाने १५४७ साली 'डोडेकाकॉर्डन' या ग्रंथात त्यांची भर घालून संख्या बारावर नेली आणि त्यांना आयोनियन आणि एओलियन ही नावं दिली. म्हणजे आज ज्यांना आपण मेजर आणि मायनर म्हणून सगळ्यांचे आईबाप समजतो, ते दोघे नावानिशी यादीत शेवटी दाखल झाले. नावं ग्रीक असली तरी त्यांच्यावरून प्राचीन ग्रीसचा अंदाज बांधू नये. ती उसनी घेताना अदलाबदल झाली: ग्रीकांचं डोरियन आजच्या फ्रिजियनच्या जागी पडतं.

चर्चच्या यादीत पहिला मान होता डी-वरच्या मोडचा, म्हणजे डोरियनचा, आपल्या काफीचा. आणि भरताचा षड्जग्रामही बहुतेक अभ्यासक काफीच्या जवळचा मानतात. या योगायोगावर मी फार मोठा इमला बांधणार नाही. तरी काफीचा एक गुण नोंदवण्यासारखा आहे: २, १, २, २, २, १, २ हा क्रम उलटा वाचला तरी तोच राहतो. सातही मोडमध्ये असा दुसरा नाही. उजळ ते गडद या रांगेत तो लोक्रियनसकट मोजला तर बरोब्बर मधोमध येतो, तेही यामुळेच.

आपल्याकडे बिलावलला शुद्ध स्वरांचा थाट म्हणून पक्कं बसवलं ते विष्णु नारायण भातखंडे यांनी. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे वकिली करत. गाण्याच्या शास्त्राचा ध्यास लागल्यावर त्यांनी देशभर फिरून बंदिशी जमवल्या, जुने ग्रंथ धुंडाळले आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. दक्षिणेतल्या व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांचा (थाटासारख्याच स्वरसाच्यांचा) त्यांनी अभ्यास केला होता. उत्तरेतल्या रागांसाठी त्यांनी थाट निवडले दहाच: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी.

यातले सहा आपण वर पाहिले. मग भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी पांढऱ्या पट्ट्यांवर का सापडत नाहीत? भैरवच्या पायऱ्या मोजा: १, ३, १, २, १, ३, १. कोमल ऋषभावरून शुद्ध गंधारावर जाताना तीन पायऱ्यांची उडी आहे. बिलावलात उडी एक किंवा दोन पायऱ्यांचीच असते, तेव्हा सा कुठेही हलवला तरी तीनची उडी येणार कुठून? मारव्यात अशी उडी एकदा येते, पूर्वीत आणि तोडीत दोनदा. तेव्हा 'सगळे मोड मेजर स्केलमधून निघतात' हे वाक्य त्या सात मोडपुरतंच खरं आहे. आपल्या पहाटेचा आणि संध्याकाळचा बराचसा ऐवज त्याच्या बाहेर आहे, आणि कीबोर्डच्या धड्यात भैरव येत नाही तो यामुळे.

पेटीवर आणखी एक मूर्च्छना दडलेली आहे आणि ती मला पांढऱ्या पट्ट्यांपेक्षा जास्त आवडते. फक्त काळ्या वाजवा. काळी तीनवर सा धरला तर सा रे ग प ध, भूप. त्याच पाच पट्ट्यांवर काळी चारला सा धरला तर सा रे म प आणि कोमल नि, मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर. काळी पाचवर सा आणला की मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. भूप आणि मालकंस यांच्या स्वभावात किती अंतर आहे ते सांगायला नको, आणि तरी दोघांच्या पट्ट्या त्याच. मोड म्हणजे काय हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

'मालकंसाचे स्वर' असं म्हणताना मी जपून बोलतोय. मोड म्हणजे स्वरांचा साठा आणि त्यातलं घर. राग त्याच्या बराच पुढे जातो. भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी तेच, षड्जही तोच, पण भूप गंधाराभोवती फिरतो आणि देशकार धैवताला धरून बसतो. मोडच्या व्याख्येत हा फरक पकडायची सोय नाही. काफी थाट म्हणजे डोरियन हे बरोबर. काफी राग म्हणजे डोरियन असं म्हणणाऱ्याला मात्र आधी एखादी ठुमरी ऐकवावी. शुद्ध गंधार आणि शुद्ध निषाद मधूनच डोकावून जातात आणि व्याख्येची पंचाईत करतात.

पाश्चात्त्य संगीतात मोडची जागा हळूहळू मेजर आणि मायनरने घेतली, तरी अधूनमधून कुणी मुद्दाम मागे वळतं. बेथोव्हेनने १८२५ मध्ये आजारातून उठल्यावर लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीत (ओपस १३२) एका भागावर 'लिडियन मोडमध्ये' असं स्वतःच लिहून ठेवलं आहे. तिथे एफ हे घर आहे आणि मध्यम तीव्र, म्हणजे पांढरी चारचा कल्याण थाट. ऐकताना यमन मात्र आठवत नाही, कारण चाल कॉर्डवर चालते. जॅझमध्ये माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' (१९५९) ऐका. बत्तीस मात्रागटांचा सांगाडा आहे, जॅझवाले त्यांना बार म्हणतात: पहिले सोळा बार डी डोरियन, पुढचे आठ एक पायरी वर चढवून ई फ्लॅट डोरियन, शेवटचे आठ परत डी. पेटीच्या भाषेत पांढरी दोनचा काफी, मग काळी दोनचा काफी, मग पुन्हा पांढरी दोनचा. कॉर्डची पळापळ जवळजवळ थांबवून एकाच मोडमध्ये ऐसपैस बसायचं हे जॅझवाल्यांना त्या काळात नवं होतं. आपल्या श्रोत्याला त्यात नवल वाटलं तर सोळा बारांनंतर षड्जच उचलून एक पायरी वर ठेवण्याचं वाटेल.

आता पेटीचा एक लबाडपणा सांगायला हवा, कारण आतापर्यंतचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे. आजच्या पेटीवर आणि कीबोर्डवर बाराही पायऱ्या अगदी समान केलेल्या असतात, म्हणून सा कुठेही हलवला तरी मोड नीट बसतो. सुरेल गळा त्या समान पायऱ्यांवर गात नाही. तानपुऱ्याशी मिळवून लावलेला शुद्ध ऋषभ षड्जाच्या नऊ अष्टमांश पट कंपनांचा असतो आणि गंधाराशी जुळणारा शुद्ध धैवत पाच तृतीयांश पट. बिलावलमध्ये दोन्ही गोड लागतात. पण त्याच ऋषभाला सा करून काफी गायला गेलं तर धैवत हा त्याचा पंचम ठरतो, आणि तो पेटीच्या एका पायरीच्या सुमारे पाचव्या हिश्शाने उतरलेला निघतो. कानाला तो सरळ बेसूर लागतो. भरताच्या दोन ग्रामांतला फरकही असाच बारीक आहे: मध्यमग्रामात पंचम षड्जग्रामापेक्षा एका श्रुतीने, म्हणजे पायरीहूनही बारीक अंतराने, उतरलेला, आणि त्या अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. पेटीवाल्याला याची दखल घ्यायचं कारण पडत नाही. सतारवाला मात्र थाट बदलला की पडदे सरकवतो, आणि त्यानंतरही कान देऊन ते केसभर इकडेतिकडे करत बसतो.